अंदाज म्हणजे ऑर्डर नव्हे

मी नवी मुंबईत बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आमचे काही गट इथल्या गावठाणांतले आहेत, काही पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या खेड्यांतले. कुणी मसाला करतं, कुणी पापड-कुरडया, कुणी सुकी मासळी निवडून पाकिटं भरतं. आज मला दोन गोष्टींवर बोलायचं आहे. ऑनलाइन माल विकणाऱ्या व्यापाऱ्याशी आपण बोलणी कशी करायची ही एक, आणि हातात आलेली ऑर्डर कशी आखायची ही दुसरी.

आधीच सांगते, हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. माझ्याच एका चुकीतून शिकले. ती चूक महागात पडली, आणि तिचे पैसे माझ्या एकटीच्या खिशातून गेले नाहीत. म्हणून ती तुमच्यासमोर उघड सांगते.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढ संपत आला होता. इंटरनेटवर घरगुती पदार्थ विकणाऱ्या एका कंपनीचा मला फोन आला. त्यांना आमचा आगरी मसाला एका प्रदर्शनात आवडला होता. बोलणारा मुलगा गोड होता. म्हणाला, ‘मॅडम, दिवाळीत आम्हाला २०० ग्रॅमची दोन हजार पाकिटं तरी लागतील. पाकिटामागे १२० रुपये देऊ.’ दोन हजार पाकिटं म्हणजे ४०० किलो मसाला! आमच्या गटाने तोवर एका वेळी ५० किलोच्या वर काम केलं नव्हतं. मी फोनवरच ‘हो’ म्हणून टाकलं. संध्याकाळी बैठक घेतली, पेढे वाटले.

मग पैशांची जुळवाजुळव. मिरची आणि खडा मसाला यांनाच १ लाख ८० हजार लागणार होते. गटाच्या बचतीतले ७० हजार काढले. वाशीच्या मसाला मार्केटमधल्या ओळखीच्या व्यापाऱ्याने ७० हजारांचा माल उधारीवर दिला. उरलेल्या ४० हजारांसाठी आमच्या एका ताईने स्वतःच्या पाटल्या बँकेत गहाण ठेवल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तीच म्हणाली, ‘दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.’

पुढे काय झालं ते ऐका. पावसात ऊन नाही. मिरची घरात पंख्याखाली पसरली, भट्टीवर शेकली. तरी काही मसाल्याच्या गुठळ्या झाल्या आणि तो पुन्हा दळावा लागला. माल तयार झाला तेव्हा कंपनीने कळवलं, ‘सध्या ८०० पाकिटं पाठवा, बाकीचं नंतर बघू.’ ते ‘नंतर’ कधी आलंच नाही. ८०० पाकिटांचे पैसे ७० दिवसांनी आले. त्यातही ६० पाकिटं कुरिअरमध्ये फाटली म्हणून त्यांचे ७,२०० रुपये कापले. हातात पडले ८८,८००. घरात २४० किलो मसाला पडून, डोक्यावर उधारी, आणि त्या ताईच्या पाटल्या बँकेतच.

मी कंपनीला फोन केला. तो मुलगा शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, मी ऑर्डर दिलीच नव्हती. मी अंदाज सांगितला होता.’ मी फोनमधले सगळे मेसेज वर-खाली करून पाहिले. खरंच, कुठेही ‘ऑर्डर’ असा शब्द नव्हता.

आमच्या गटात एक कोळीण मावशी आहेत. चाळीस वर्षं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन फिरल्या. शाळा दुसरीपर्यंत. त्या मला म्हणाल्या, ‘बाय, त्यानं ‘लागतील’ म्हटलं का ‘घेतो’ म्हटलं? माझ्याकडं रोज दहा बायका येतात. उद्याला पापलेट लागंल म्हणतात. मी कुणासाठी ठेवत नाय. जी पैसे हातावर ठेवून जाते, तिचंच पापलेट बाजूला.’

एवढ्यात सगळं आलं, मैत्रिणींनो. ‘लागतील’ हा अंदाज आहे. ‘घेतो’ ही ऑर्डर आहे. आणि ‘घेतो’च्या खरेपणाचा पुरावा म्हणजे विसार.

कंपनी अंदाज का सांगते तेही समजून घेऊ. तिला खोटंच बोलायचं असतं असं नाही. ऑनलाइन बाजारात सणाच्या सेलमध्ये किती खप होईल हे तिलाही ठाऊक नसतं. माल कमी पडला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, म्हणून ती चार ठिकाणी मोठा आकडा सांगून ठेवते. खप झाला तर सगळ्यांकडून घेते, नाही झाला तर थांबते. तिची जोखीम अशी हळूच आपल्या घरात येऊन बसते. तिला तोंडावर ‘नाही’ म्हणायची गरज नसते. आपण लेखी मागितलं नाही म्हणजे आपणच ती जोखीम उचलली.

आता भावाकडे वळू. आम्ही १२० ला हो म्हटलं तेव्हा आमचा हिशोब असा होता. एक किलो मसाल्याला कच्चा माल ४५० रुपये, डंकावरची कुटाई ४०, पाच पाकिटांचे ३०. झाले ५२०. कंपनी किलोला ६०० देतेय, म्हणजे ८० रुपये सुटले. वाटलं, छान आहे.

नंतर आम्ही चौघी जणी कागद घेऊन बसलो आणि सुटलेले खर्च मांडले. देठं खुडणं, निवडणं, भाजणं, पाकिटं भरणं याची मजुरी किलोमागे ९० रुपये. ही आम्ही धरलीच नव्हती, कारण काम आपल्याच बायका करतात! खोकी आणि गाडीभाडं २०. वीज आणि जागा १०. फुटतूट आणि परत येणारा माल १५. अडकलेल्या पैशांचं व्याज १५. सगळं मिळून ६७० रुपये. म्हणजे एका पाकिटाला १३४. आम्ही १३४ रुपयांची वस्तू १२० ला विकत होतो, आणि वर पेढे वाटले होते. गेलेल्या ८०० पाकिटांचा, म्हणजे १६० किलोचा, खर्च १ लाख ७ हजार २०० आणि हातात ८८,८००. सरळ १८,४०० रुपयांचा तोटा. न खपलेला माल वेगळाच.

हे आकडे आमच्या वेळचे आहेत. तुम्ही तुमच्या बाजारातले भाव घाला. पण खर्चाचे रकाने हेच ठेवा, आणि मजुरीचा रकाना कधी रिकामा सोडू नका. आणखी एक लक्षात ठेवा, घट. आमच्याकडे १०० किलो मिरची आणली तर देठं खुडून, वाळवून, भाजून साधारण ८५ किलो उरते. बाजारातला भाव १०० किलोचा मोजायचा आणि माल ८५ किलोचा धरायचा. पुष्कळ गट इथेच फसतात.

आता पावसाचं बोलू. आपल्या कोकणपट्टीत मिरची वाळवायची ती होळीपासून मे अखेरपर्यंत. दिवाळीच्या ऑर्डरचा मसाला श्रावणात करायला घेतला तिथेच आमचं अर्धं गणित चुकलं. हा प्रश्न काही नवा नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचं काम सुरू केलं, तेच पुढे लिज्जत झालं. पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने त्यांना काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पाऊस थांबला नाही, पण कामही थांबलं नाही. लिज्जतची दुसरी रीत तर ऑर्डर आखणीचा धडाच आहे. पीठ एका जागी मळायचं, बायकांनी तोलून घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून तोलून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. त्यामुळे आज किती माल येणार हे रोज सकाळी ठाऊक असतं. आपल्या गटात कुणाकडे किती काम आहे हे आपल्याला रोज ठाऊक असतं का? विचारून पाहा.

तर आम्ही काय बदललं ते सांगते.

पुढच्या फेब्रुवारीत मुंबईच्या दुसऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याने विचारणा केली. या वेळी मी फोनवर हो म्हटलं नाही. म्हटलं, ‘गटात बोलून दोन दिवसांत लेखी कळवते.’ मैत्रिणींनो, हे वाक्य पाठ करा. दोन दिवस मागितले म्हणून कुणी चांगलं गिऱ्हाईक पळत नाही. जे पळतं ते पळालेलंच बरं.

त्या दोन दिवसांत आम्ही तीन आकडे काढले. पहिला, आपला खर्च, १३४ रुपये. दुसरा, ज्याच्या खाली उतरायचं नाही तो भाव. तिसरा, आपली ताकद. गटात आम्ही दहा जणी. पण रोज दहाही येतात का? कुणाचं मूल आजारी, कुणाकडे पाहुणे, कुणाची शेतावर लावणी. आम्ही मागची हजेरीवही काढली. रोज सरासरी सहा जणी येतात असं दिसलं. सहा जणींच्या हातून दिवसाला १५ किलो मसाला होतो. आम्ही तोच आकडा धरला, दहा जणींचा नाही.

मग आम्ही चौघी भेटायला गेलो. एकटीने जाऊ नका. एकीने बोलायचं, एकीने लिहायचं, एकीने हिशोब बघायचा. चौथ्या आमच्या कोळीण मावशी. त्यांना मुद्दाम नेलं, कारण गप्प बसून समोरच्याचा चेहरा वाचायचं काम त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही.

आम्ही पाकिटाला १५० सांगितले. तो म्हणाला, ‘ताई, मला दुसरीकडे ११५ ला मिळतो.’ आधीची मी असते तर लगेच १३० वर आले असते. या वेळी हिशोबाचा कागद पुढे ठेवला आणि विचारलं, ‘तुम्हाला भाव कमी हवा असेल तर आमचा कुठला खर्च तुम्ही उचलता?’ इथे बोलण्याचं वळण बदललं. तो म्हणाला, खोकी आमची, गाडीही आमची, माल तुमच्या दारातून उचलू. म्हणजे किलोचे २० वाचले, पाकिटाचे ४. आम्ही म्हटलं, ४० टक्के विसार द्या, म्हणजे आम्हाला व्याज कमी पडेल. त्यात किलोचे १०, पाकिटाचे २ वाचले. आमचा खर्च १३४ वरून १२८ वर आला. सौदा १४२ ला ठरला. आम्हाला मजुरी सोडून पाकिटामागे १४ रुपये सुटले आणि त्यालाही ८ रुपये कमी झाल्याचं समाधान. नुसती घासाघीस केली असती तर एकाचं पोट कापल्याशिवाय दुसऱ्याचं भरलं नसतं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्यांच्या संकेतस्थळावर आपलं पाकीट २६० ला पाहून आमच्या बायका चिडल्या. ‘आपल्याला १४२, त्याला २६०?’ राग येतोच. पण त्याच्या खर्चाचाही कागद मांडून पाहा. विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन, कुरिअर, जाहिरात, परत आलेला माल, गोदाम. हे कळलं की आपण कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं ते उमगतं. ज्याच्याशी बोलणी करायची त्याचा धंदा थोडा तरी समजला पाहिजे.

त्याचाही अंदाज मोठाच होता. म्हणाला, दिवाळीपर्यंत तीन हजार पाकिटं जातील. आम्ही कागदावर दोन ओळी लिहिल्या. पक्की ऑर्डर १,०००. त्यातली ४०० मे महिन्यात, ६०० ऑक्टोबरच्या १० तारखेपर्यंत. बाकी दोन हजार हा अंदाज. तो वाढवून पक्का करायचा असेल तर १५ एप्रिलपर्यंत विसारासह कळवायचं, कारण त्यानंतर मिरची वाळवायला ऊन उरत नाही. त्याला आमची अडचण पटली. १५ एप्रिलला त्याने आकडा वाढवला नाही. आम्हीही एक किलो मिरची जास्त घेतली नाही. आदल्या वर्षी हीच एक ओळ लिहिली असती तर पाटल्या घरात राहिल्या असत्या.

दुसरी युक्ती. ऑक्टोबरच्या ६०० पाकिटांची मिरची आम्ही मेमध्ये कडक वाळवून हवाबंद पिंपांत भरून ठेवली, पण कुटली नाही. कुटलेला मसाला रंग आणि वास लवकर सोडतो, आणि समोरच्याने ऑर्डर मोडली तर त्याचं पाकीट दुसऱ्याला देता येत नाही. अख्खी वाळलेली मिरची मात्र कधीही विकता येते. म्हणून माल शक्य तितका वेळ कच्च्या रूपात ठेवायचा आणि शेवटची पायरी पैसे आल्यावर करायची. पापडाला, लाडवाला, शिवणालाही हे लागू आहे. कापड आणून ठेवा, पण मापाचे कपडे विसार आल्यावरच कापा.

आता तारखेचं गणित. आपण बहुतेक वेळा आजपासून पुढे मोजतो. ऑर्डरचं गणित उलटं, शेवटच्या तारखेपासून मागे मोजायचं. ६०० पाकिटं म्हणजे १२० किलो. दिवसाला १५ किलो, म्हणजे ८ दिवस. पाकिटं भरणं, चिकटवणं, खोकी बांधणं ३ दिवस. गाडी २ दिवस. वीज गेली, डंक बिघडला, कुणी आजारी पडलं यासाठी राखीव ४ दिवस. घटस्थापनेच्या दिवसांचे ३. झाले २०. माल १० ऑक्टोबरला पोहोचायचा, म्हणजे काम २० सप्टेंबरला सुरू व्हायलाच हवं. आम्ही हे मोठ्या अक्षरांत कॅलेंडरवर लिहून गटाच्या खोलीत टांगलं. गणपतीच्या धावपळीत कुणी विसरलं नाही. माल ८ तारखेलाच गेला.

आता उलट बाजू. आपण विकतो तसं विकतही घेतो. पाकिटं, स्टिकर, बरण्या आता पुष्कळ गट फोनवरून मागवतात. तिथे पहिली अडचण येते ती किमान मालाची. छापील पाकिटं हवीत तर पुरवठादार म्हणतो, कमीत कमी पाच हजार घ्या. आपल्याला हवीत हजार. स्वस्त पडतात म्हणून पाच हजार घेऊ नका. पैसे अडकतात, आणि पाकिटावरचा मजकूर बदलायचा झाला तर सगळी रद्दी. आम्ही साधी पाकिटं घेतो आणि स्टिकर लावतो. किंवा चार गट मिळून ग्रामसंघातर्फे एकच मागणी नोंदवतात, मग भाव पाडून मागता येतो. फक्त एक सांभाळा. अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक ज्या गटाने माल केला त्याचाच हवा. दुसऱ्या गटाचा क्रमांक आपल्या पाकिटावर चालत नाही. निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, पत्ता हेही हवंच.

पैसे पाठवण्याआधी नमुना मागवा. मसाला भरून, सील करून, आठ दिवस उन्हात ठेवून बघा. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का ते पाहा. व्हिडिओ कॉलवर कारखाना दाखवायला सांगा. आणि एक कायम लक्षात ठेवा, पैसे घ्यायला कधी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘मोठी ऑर्डर देतो, आधी हा कोड स्कॅन करा’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

मिरचीच्या व्यापाऱ्याशीही आता आम्ही आधीच बोलतो. फेब्रुवारीतच सांगतो, अमुक इतकी ब्याडगी, अमुक इतकी संकेश्वरी लागणार, दोन खेपांत उचलू, निम्मे पैसे रोख. त्याला आपली गरज आधी कळली की तो चांगला माल बाजूला ठेवतो. आणि हो, आम्हीसुद्धा त्याला अंदाज वेगळा आणि ऑर्डर वेगळी सांगतो. जे आपल्याशी झालं ते आपण दुसऱ्याशी करू नये.

आता लिहायचं काय ते सांगते. वही-पेन घ्या. पूर्वी बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा, तिसऱ्याला कळायचं नाही. फोनवरच्या सौद्यात समोरच्याचा हातही हातात नसतो, म्हणून सगळं लिहून घ्यायचं. वकील नको, स्टॅम्प पेपर नको. बोलणं झालं की त्याच दिवशी एक मेसेज किंवा ईमेल पाठवायचा. त्यात मालाचं नाव आणि वजन, नग किती, नगाचा भाव, विसार किती आणि कधी, माल कुठे आणि कोणत्या तारखेला, गाडीभाडं कुणाचं, बाकीचे पैसे किती दिवसांत, माल खराब निघाला तर किती दिवसांत आणि फोटोसह कळवायचं, कुरिअरमध्ये फाटलं तर जबाबदारी कुणाची, आणि ऑर्डर रद्द केली तर विसाराचं काय. शेवटी लिहायचं, ‘मान्य असल्यास कळवावे.’ समोरून ‘मान्य’ असं उत्तर येईपर्यंत एक मिरची खुडायची नाही.

कायदाही आपल्या बाजूने थोडा आहे. सूक्ष्म आणि लघू उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यानुसार खरेदीदाराने माल घेतल्यावर लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी करायची, नाहीतर माल स्वीकारला असं धरलं जातं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशोबाने चक्रवाढ व्याज मागता येतं. दाद मागायला राज्यात सुविधा परिषदा आहेत, अर्ज ऑनलाइन करता येतो. २०२४ पासून आयकरातही असं झालं आहे, की सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करातून वजा करता येत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या आता थोड्या जाग्या झाल्या आहेत.

पण यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती माल देण्याआधी हवी. नोंदणी ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. बचत गट म्हणूनही नोंदणी करता येते. मग बिलावर तो क्रमांक छापा. त्या पहिल्या ऑर्डरच्या वेळी आमची नोंदणी नव्हती. ७० दिवस मी नुसते फोन करत राहिले.

सगळा माल एकाच गिऱ्हाइकावर सोडू नका. आम्ही आता एका खरेदीदाराला निम्म्याहून जास्त माल देत नाही. उरलेला प्रदर्शनात, ओळखीच्या घरांत आणि ई-सरससारख्या बचत गटांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर विकतो. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विकणाऱ्या लहान उत्पादकांना जीएसटी नोंदणीची सक्तीही उरलेली नाही. त्यांनी पोर्टलवर फक्त नावनोंदणी करायची असते. आपल्या उलाढालीत काय बसतं ते एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

त्या २४० किलो मसाल्याचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. पाकिटं फोडली, पुन्हा उन्हात घातला, नवी पाकिटं भरली. प्रदर्शनं, हळदी-कुंकू, लग्नघरं, सोसायट्यांची दारं असं करत करत होळीपर्यंत संपवला. मिळेल त्या भावाला. व्यापाऱ्याची उधारी फेडली. एक बाई मात्र त्या काळात गट सोडून गेली. मजुरी वेळेवर मिळाली नाही हे तिचं म्हणणं बरोबर होतं. मी तिला दोनदा भेटून आले. अजून ती परत आलेली नाही.

आणि पाटल्या? त्या दुसऱ्या वर्षीच्या ऑर्डरनंतर सुटल्या. १,००० पाकिटांवर मजुरी १८ हजार आणि वर १४ हजार नफा. बैठकीत सगळ्यांनी ठरवलं की आधी पाटल्या, मग वाटप. मी ताईबरोबर बँकेत गेले. तिने तिथेच खिडकीजवळ उभं राहून हातात घातल्या आणि मला म्हणाली, ‘आता पुढची ऑर्डर आली की आधी मला दाखव.’

तेव्हापासून आमच्या गटाचा नियम आहे. कुठल्याही ऑर्डरला एकटी समन्वयक हो म्हणत नाही. तीन जणींच्या सह्या लागतात. त्यातली एक सही त्या ताईची असते.

तुमच्या गटाकडे यंदा दिवाळीची विचारणा आली, तर आज सांगितलेला हिशोबाचा कागद आधी भरा आणि मगच बोला. काही अडलं तर आपल्या केंद्रावर चिठ्ठी पाठवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.